अस्मानी, सुलतानी आणि आणेवारी : दुष्काळाच्या नांवांचा विचार

(१)

दुष्काळाचा इतिहास लिहितांना पाऊस किती पडला, धान्याची धारण काय होती, माणसें व गुरें किती मेलीं, ह्या गोष्टींचा शोध संशोधक घेतात, व तो घेतलाच पाहिजे. परंतु त्या संकटास त्या त्या काळच्या लोकांनीं व सरकारनें कोणतें नांव दिलें, ह्याची चौकशी क्वचितच होते. नांव म्हणजे भाषेचा अलंकार, त्याचा वसुलाशीं संबंध काय, अशी सामान्य समजूत आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही ह्याच्या उलट पक्ष मांडणार आहों. आमचें म्हणणें असें कीं, दुष्काळाचें नांव हें जमाखर्चांतलें एक कलमच असतें. संकट कोणी आणलें हें तें नांव सांगतें. आणि कोणी आणलें हें एकदां ठरलें म्हणजे त्याचा भार कोणीं सोसावयाचा हेंही बहुतेक ठरून जातें.

मम्मटानें काव्यप्रकाशांत लक्षणेचीं तीन अंगें सांगितलीं आहेत : मुख्य अर्थाचा बाध, त्या अर्थाशीं कांहीं योग, आणि रूढि किंवा प्रयोजन. शब्द आपला सरळ अर्थ टाकून दुसरीकडे वळतो तो एक तर रूढीनें, नाहीं तर कांहीं हेतु मनांत धरून. ही कसोटी काव्यापुरतीच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. दप्तरांतल्या शब्दांसही ती तितकीच लागू पडते; भेद एवढाच कीं, कवीचें प्रयोजन रस, व दप्तराचें प्रयोजन वसूल किंवा सूट.

(२)

संस्कृतांत ह्या संकटास एकच नांव नाहीं. ‘अनावृष्टि’ म्हटलें कीं दोष आकाशाकडे जातो. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे भिक्षा मिळणें कठीण झालें असा काळ. येथें आकाशाचा उल्लेखही नाहीं, देणाऱ्याची कोठी रिती झाली किंवा बंद झाली एवढेंच सांगितलें आहे. ‘दुष्काळ’ हा शब्द काळासच वाईट ठरवितो. आणि जुन्या मराठी पत्रांत आढळणारी ‘महर्गता’ संकट बाजारांत आणून ठेवते. एकाच वर्षीं एकाच गांवीं ह्या चारही गोष्टी घडत असतील. तथापि लिहिणाऱ्यानें कोणता शब्द उचलला, त्यावरून तो उपाय कोठें शोधणार हें कळतें. ‘अनावृष्टि’ लिहिणारा अनुष्ठान बसवील. ‘महर्गता’ लिहिणाऱ्याची नजर वाण्याच्या पेंवाकडे जाईल.

शेतीवरील संकटांस आपल्याकडे ‘ईति’ म्हणत, व त्यांची प्रसिद्ध गणना सहांची आहे : अतिवृष्टि, अनावृष्टि, टोळ, उंदीर, पोपट, आणि जवळ येऊन ठेपलेले राजे. ह्या यादींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, अतिवृष्टि व अनावृष्टि एकाच पंक्तीस बसविल्या आहेत. दुसरी ही कीं, राजा टोळांच्या व उंदरांच्या पंक्तीस बसविला आहे. ही गणना राजवाड्याच्या सौधावरून केलेली नसून शेताच्या बांधावरून केलेली आहे. बांधावर उभें राहून पाहणाऱ्यास पीक कोणीं खाल्लें एवढेंच दिसतें.

म्हैसूर येथील पोथीवरून शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ त छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत गणना निराळी आहे. चौथ्या अधिकरणांत आठ महाभयें सांगून त्यांस ‘दैव’ म्हटलें आहे. त्यांत अग्नि, उदक, व्याधि, सर्प इत्यादिकांबरोबर दुर्भिक्ष येतें. दैव म्हटल्यावर राजा मोकळा झाला, असें कोणास वाटेल. कौटिल्य तसें होऊं देत नाहीं. लगेच राजाचीं कर्तव्यें येतात : बीज व अन्न पुरवावें, अन्न देऊन दुर्गांचीं व सेतूंचीं कामें काढावीं, आपल्याजवळील अन्न वांटून द्यावें, प्रसंगीं लोकांस पिकलेल्या मुलखांत न्यावें. त्यांतच धनिकांच्या बाबतींत ‘कर्शन’ व ‘वमन’ हे दोन उपाय आले आहेत. हे दोन्ही शब्द वैद्यकांतले. राज्य हें शरीर, सांठेबाजांचें धान्य हा कुपित दोष, व त्यांच्याकडून तें ओकविणें ही चिकित्सा, असें हें रूपक आहे. कागदावर तो एक शब्द दिसतो. अधिकाऱ्याच्या हातीं तोच कोठाराचें कुलूप फोडण्याचा अधिकार होतो.

(३)

आतां महाराष्ट्राकडे वळूं. येथील लोकांच्या स्मरणांत सर्वांत खोल रुतलेला दुष्काळ दुर्गादेवीचा. ग्रँट डफनें आपल्या इ. स. १८२६ च्या इतिहासांत तो इ. स. १३९६ पासून बारा वर्षें चालल्याचें लिहिलें आहे. दामाजीपंतांच्या कथेशीं त्याचा मेळ घालणारे कांहीं अभ्यासक तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओढतात. काळनिर्णयाचा वाद येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. आमचें लक्ष नांवाकडे आहे. संकटास देवीचें नांव दिलें कीं त्याचें कारण मनुष्याच्या आंवाक्याबाहेर जातें, व मग त्याचा उपायही मनुष्याच्या हातीं राहत नाहीं.

दामाजीपंतांची कथा ह्या दृष्टीनें पुन्हां वाचावी. मंगळवेढ्याच्या ठाणेदारानें सरकारी कोठार भुकेल्यांस लुटविलें. बेदरच्या बादशहाचा कोप झाला. तेव्हां पंढरीनाथानें विठू महाराचें रूप घेऊन धान्याची सर्व किंमत दरबारीं भरली, व पावती घेतली. भक्तांनीं ह्या कथेंत भगवंताची करुणा पाहिली, ती योग्यच आहे. परंतु हिशेबनीसाच्या नजरेनें पाहिल्यास असें दिसतें कीं, बादशहानें एका दाण्याचीही सूट दिली नाहीं. देवासही रोकड मोजून रसीद घ्यावी लागली. ज्या समाजास सरकारी सूट मिळणें चमत्काराहूनही अवघड वाटत होतें, त्या समाजानें ही कथा जपली आहे. दुष्काळ देवीचा, उपाय देवाचा, आणि राजाची जमा अबाधित : त्या एका नांवामागें ही सर्व व्यवस्था उभी आहे.

(४)

ह्याहून निराळ्या जातीचें नांव म्हणजे ‘अस्मानी-सुलतानी’. अस्मान म्हणजे आकाश, सुलतान म्हणजे राजा. दोन्ही शब्द परभाषेंतले, पण त्यांचा द्वंद्वसमास मराठीनें आपलासा केला. शके १५५२ व १५५३, म्हणजे इ. स. १६३० ते १६३२ ह्या काळांतल्या दुष्काळानें ह्या समासास अर्थ पुरविला. शके १५५२ ह्या संवत्सराचें नांव ‘प्रमोद’ होतें. पंचांगकर्त्यानें दिलेलें नांव व लोकांनीं भोगलेलें वर्ष ह्यांत इतकें अंतर क्वचितच पडलें असेल. गुजराथ व दक्षिण ह्या दोन्ही प्रांतांत पर्जन्य गेला. त्याच वेळीं शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर उतरल्या होत्या, व त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानें पुणें उद्ध्वस्त करून तेथें गाढवांचा नांगर फिरविल्याची हकीकत आहे. तुकोबांची पहिली पत्नी ह्याच दुष्काळांत अन्नावांचून गेली. समर्थांच्या एका प्रकरणाचें नांवच ‘अस्मानी सुलतानी’ आहे. अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यांत ह्या दुष्काळाचें वर्णन असून, बऱ्हाणपूर, अहमदाबाद वगैरे ठिकाणीं लंगर उघडल्याचें व खालसा मुलखांत सुमारें ७० लक्ष रुपये माफ केल्याचें नमूद आहे. म्हणजे एकच बादशहा एका हातानें मुलूख तुडवीत होता व दुसऱ्या हातानें सूट देत होता. हें दुहेरी सत्य ‘अनावृष्टि’ ह्या शब्दांत मावत नाहीं; ‘अस्मानी-सुलतानी’ ह्यांत मावतें.

ह्या समासाचें खरें महत्त्व मात्र पुढें मामल्यांच्या व मक्त्यांच्या कागदांत दिसतें. उत्तर हिंदुस्थानांतील पट्ट्यांतही ‘अस्मानी-फर्मानी’ ह्या नांवाचें कलम असे. रकमेचा आंकडा ठरला, हप्ते ठरले, तरी अस्मानी किंवा सुलतानी गुदरल्यास पाहणी करून मजुरा द्यावयाचा, असा त्याचा आशय. मराठी दप्तरांत लष्कराच्या कूचानें पीक तुडविलें गेल्यास त्याबद्दलच्या सुटीस ‘पायमल्ली’ असें स्वतंत्र नांव आहे. ह्या कलमाकडे नीट पाहिलें पाहिजे. राजसत्ता येथें आपल्याच कागदावर आपलें नांव आपत्तींच्या यादींत लिहून देत आहे. ईतींच्या गणनेंत बांधावरच्या मनुष्यानें जें म्हटलें होतें, तेंच आतां दरबारच्या शाईनें कबूल झालें. समासांतलीं दोन पदें एकमेकांस धरून होतीं तोंवर रयतेची दाद लागण्यास वाट होती. कारण पाऊस पडला होता असें दाखविलें, तरी फौज आली होती हें सांगतां येई.

कलम असे म्हणून सूट मिळेच असें मात्र नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती वाढत्या बोलीनें मक्त्यानें दिल्या जाऊं लागल्या, तेव्हां कलम कागदावर राहिलें व मजुरा मक्तेदाराच्या मर्जीवर गेला. इ. स. १८०२ त यशवंतराव होळकराच्या स्वारीनें देश उजाड झाला व पुढच्या वर्षीं पाऊसही गेला. त्या दुष्काळांत अस्मान व सुलतान हीं दोन्ही पदें पुरीं सार्थ झालीं. पण दाद मागावयाची ती कोणाकडे, हाच प्रश्न उरला.

उलटपक्षीं, रूपकाचा आधार न घेतां काय करतां येतें ह्याचाही दाखला आहे. शिवछत्रपतींनीं प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत ह्यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेलें पत्र सर्वांस ठाऊक आहे. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्यास बैल नाहीं त्यास बैलासाठीं पैका द्यावा. ज्यास खावयास नाहीं त्यास खंडी दोन खंडी धान्य द्यावें. वाढीदिढी न घेतां मुद्दल तेवढें, त्याची ऐपत पाहून हळूहळू उगवावें, असा त्याचा आशय आहे. ह्यांत आकाश नाहीं, देवी नाहीं, काळही नाहीं. बैल, धान्य, मुद्दल एवढींच नांवें आहेत. आणि ह्या तिन्हीबद्दल जाब कोणीं द्यावयाचा ह्याविषयीं शंका उरत नाहीं.

(५)

इंग्रजी अमलांत समास फुटला. इ. स. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं इंदापुरापासून जी मोजणी व आकारणी सुरू केली, तिचें तत्त्व असें कीं, चांगल्या व वाईट वर्षांची सरासरी धरून हलका आकार बसवावा, व तीस वर्षें तो बदलूं नये. पूर्वीच्या जुलुमी आकारापुढें ही सुधारणा होती, हें निर्विवाद आहे. पण तिनें अस्मानीस सरासरींत जिरवून टाकलें. वाईट वर्ष आधींच हिशेबांत धरलेलें असल्यामुळें सूट हा अपवाद झाला. सुलतानी तर शब्दांतूनच गेली. कारण कायद्याचें राज्य स्वतःस आपत्ति म्हणवून घेत नाहीं.

शके १७९८, म्हणजे इ. स. १८७६ पासूनच्या दुष्काळानें ह्या सरासरीची परीक्षा घेतली. सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं इ. स. १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या मानावर आणली. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं तीवर कामें टाकलीं, व पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्यानंतरच्या इ. स. १८८० च्या दुष्काळ कमिशननें अवर्षणाचा पहिला घाव मजुरीवर बसतो हें ओळखलें, व त्यांतून ‘फॅमिन कोड’ निघालें. आतां दुष्काळ ‘पडूं’ लागण्याबरोबर ‘जाहीर’ही होऊं लागला. आकाशानें पाऊस अडविला तरी सरकारी ठरावावांचून तो दुष्काळ नव्हे. इ. स. १८९६-९७ त टिळकांनीं केसरींतून व सार्वजनिक सभेनें आपल्या माणसांकरवीं रयतेस ह्या कोडांतले हक्क समजावून दिले. त्याचा परिणाम असा झाला कीं, इ. स. १८९७ त सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. रयतेला शब्दाचा अर्थ समजावून देणें हाच अपराध ठरला.

इ. स. १९०० त रमेशचंद्र दत्त ह्यांनीं लॉर्ड कर्झन ह्यांस खुलीं पत्रें लिहून, जड सारा हें रयतेच्या दुर्बलतेचें कारण आहे, असें प्रतिपादन केलें. इ. स. १९०२ च्या जमीनमहसुली ठरावांत सरकारनें त्यास उत्तर देऊन दुष्काळाचा बोजा पर्जन्यावर टाकला. दोन्ही बाजूंनीं आंकड्यांची रास घातली. तरी मराठी वाचकास ह्या वादाचें सार दोन शब्दांत सांगतां येतें. एक पक्ष सुलतानी म्हणत होता, दुसरा अस्मानी.

ह्याच काळांत पिकाची गणना करण्याची ‘आणेवारी’ दृढ झाली. पुरें पीक म्हणजे सोळा आण्यांचा रुपया, व उणें पीक म्हणजे तितके आणे. हें रूपक इतकें रूढ झालें कीं, तें रूपक आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. वस्तुतः शेत म्हणजे रुपया नव्हे. तथापि शेताकडे रुपया म्हणून पाहिलें कीं आकाश, फौज, सारा, रोग हीं सर्व कारणें गळतात व एक आंकडा उरतो. आंकड्यास कारण नसतें, म्हणून जबाबदारही नसतो. इ. स. १९१८ त खेडा जिल्ह्यांत जो सत्याग्रह झाला, तो ह्या आंकड्यावर. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षींचा सारा तहकूब, असा नियम. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आंत आहे, अंमलदार म्हणत तसें नाहीं. गांधीजींच्या त्या लढ्यांत भांडण एका नाण्याच्या अंशावर झालें, पण त्या अंशावर हजारों घरांचीं भांडीं व गुरें अवलंबून होतीं.

(६)

स्वराज्यांतही नांवांचा इतिहास चालूच आहे. इ. स. १९५७ त दशमान नाणें आलें व आणा गेला. आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली, आणि पन्नास पैशांची रेषा आली. नाणें बदललें तसें रूपकही बदललें, ह्यावरूनच त्याचें रूपकत्व सिद्ध होतें.

इ. स. १९६३ त महाराष्ट्राच्या विधिमंडळानें एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. शासन पिकांवर सतत नजर ठेवतें व टंचाईचीं चिन्हें दिसतांच उपाय करतें, तस्मात् दुष्काळास आतां वाव उरलेला नाहीं, अशी त्यामागची भूमिका. एखादा शब्द वगळण्यासाठींच केलेला कायदा हें शब्दशास्त्राच्या अभ्यासकास मोठें नवल वाटेल. त्यानंतर दहा वर्षें होण्याच्या आंतच, इ. स. १९७२ चा दुष्काळ आला. न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या वेळीं शासन गप्प बसलें नाहीं : इ. स. १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं, वि. स. पागे ह्यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना आली, व तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. भुकेल्यास काम मागण्याचा हक्क देणारा हा शब्द ‘हमी’. वगळलेल्या शब्दापेक्षां ह्या नव्या शब्दानें अधिक माणसें तारलीं. नांवानें हक्क काढूनही घेतां येतो व देतांही येतो, असा ह्याचा अर्थ.

अलीकडच्या सरकारी कागदांत ‘दुष्काळसदृश’ हा शब्द आला आहे. अलंकारशास्त्र शिकलेल्यास तो थबकवितो. सदृश, तुल्य, सम, इव हे उपमेचे वाचक शब्द. ‘चंद्रसदृश मुख’ म्हटलें म्हणजे मुख चंद्र नव्हे हें त्यांतच आलें. इ. स. २०१८ च्या ऑक्टोबरांत प्रथम १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिति सांगण्यांत आली, व त्याच महिन्याच्या अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. अभिधा व उपमा ह्यांच्यामध्यें २९ तालुके राहिले. तत्पूर्वीं इ. स. २०१६ त भारतीय हवामान विभागानें आपल्या परिभाषेंतून दुष्काळवाचक शब्द काढून ‘तुटीचें वर्ष’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. शास्त्रज्ञांचें काम पाऊस मोजण्याचें, दुष्काळ ठरविण्याचें नव्हे, हा विचार युक्तच आहे. पण मग तें ठरविणें कोणाचें काम, हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

सर्वांत ताजा दाखला इ. स. २०२५ चा. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टीनें पिकें व कित्येक ठिकाणीं मातीही वाहून गेली. शेतकऱ्यांनीं ‘ओला दुष्काळ’ जाहीर करावा असें म्हटलें. अशी संज्ञा नियमावलींत नाहीं, तथापि दुष्काळाच्या सवलती देऊं, असें शासनानें सांगितलें. शेतकऱ्यांचा शब्द विरोधाभासाचा वाटतो, पण तो प्रयोजनानें निघालेला आहे. नियमावलीनें संकटाची व्याख्या कोरडेपणावर बांधली, म्हणून भिजलेल्या रयतेस कोरड्या शब्दाचा आश्रय करावा लागला. ईतींच्या जुन्या गणनेंत अतिवृष्टि पहिल्याच स्थानीं होती. जुन्या यादीनें जें एकत्र ठेवलें होतें, तें नव्या व्याख्येनें तोडलें, व लोकभाषेनें तें एका विशेषणानें पुन्हां जोडलें.

(७)

ह्यावरून संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. आपल्या संग्रहांत सनदा, महजर, तहनामे, सरदारांचीं पत्रें हीं जतन होतात, व त्यांचें मोलही मोठें आहे. परंतु गांवच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतले सालवार झडतीचे, बाकीचे, तगाईचे व सुटीचे कागद क्षुल्लक म्हणून रद्दींत जातात. दुष्काळाचीं नांवें ह्याच कागदांत आहेत. अशा कागदाची याद करतांना रकमेबरोबर तीन गोष्टी टिपाव्या : संकटास कोणता शब्द लाविला आहे, तो रयतेच्या अर्जांतला कीं अंमलदाराच्या शेऱ्यांतला, आणि त्या शब्दानंतर सूट मिळाली, तहकुबी मिळाली, कीं नुसती पाहणीच झाली. अशीं हजार-पांचशें टिपणें जमलीं, तर कोणत्या शब्दानें कोणत्या काळीं रयतेस किती तारलें ह्याचा इतिहास प्रथमच लिहितां येईल.

हें काम केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचें नव्हे. आज पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेविषयीं बोलतांना जग पुन्हां नवीं नांवें बनवीत आहे. कोणी त्यास ज्वर म्हणतो, कोणी युद्ध, कोणी निसर्गाचा कोप. ज्वर म्हटला कीं वैद्य शोधतील, युद्ध म्हटलें कीं सेनापति, आणि कोप म्हटला कीं शांति करून स्वस्थ बसतील. आपल्या पूर्वजांनीं मात्र आकाश व राजा हीं दोन पदें एका समासांत बांधून, दोघांपैकीं एकासही निसटूं दिलें नाहीं. तो समास जिभेवर अजून आहे. त्याच्या जोरावर मिळालेल्या सुटीचे कागद वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं रुमालांत बांधून ठेवावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.